परसातील कोंबडी आणि परवान्याबाहेरचे औषध

आपल्या खेड्यांतील घरांच्या परसात पाच-दहा कोंबड्या असतातच. त्यांचा हिशेब कोणी वहीत मांडीत नाही. परंतु मुलांच्या वह्या-पेन्सिली, पाहुण्याचा पाहुणचार, आजाऱ्याचे पथ्य आणि गरोदर सुनेचे पोषण या साऱ्यांचा थोडाफार भार त्या मुकाट्याने उचलीत असतात. गाय आजारी पडली म्हणजे घरचा कर्ता पुरुष पशुवैद्याकडे धाव घेतो. कोंबडी पंख पाडून कोपऱ्यात बसली म्हणजे मात्र घरात किंवा जवळच्या दुकानात जे औषध सापडेल ते तिच्या चोचीत घातले जाते. ते औषध कोणासाठी बनविलेले आहे, त्यास परवाना कशाचा आहे, आणि ते दिल्यावर अंडे किती दिवस खाऊ नये, हे तीन प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. हेच तीन प्रश्न आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत. कारण कोंबडीला दिलेले औषध कोंबडीतच राहत नाही, ते अंड्यावाटे आणि मांसावाटे आपल्या ताटात येते.

विषय समजण्यास सोपा जावा म्हणून एक गाव डोळ्यांपुढे आणू. इंदूरच्या वायव्येस सुमारे ४० किलोमीटरांवर देपालपूर हे तहसिलीचे गाव आहे. माळव्याची काळी जमीन. पिके गहू, सोयाबीन, बटाटा व लसूण. होळकरांच्या राजवटीपासून या मुलखात मराठी कुटुंबेही नांदत आलेली आहेत. पश्चिमेस धार आणि त्यापलीकडे झाबुआ जिल्हा लागतो. भिल्ल व भिलाला लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेली काळ्या मांसाची कडकनाथ कोंबडी तेथलीच. २०१८ साली तिला भौगोलिक निर्देशांक मिळाला. थोडक्यात, परसातील कोंबडी हे या मुलखाचे किरकोळ नव्हे, तर मानाचे धन आहे. अशा तहसिलीच्या गावी शेतकऱ्याचा संबंध तीन प्रकारच्या दुकानांशी येतो: माणसांच्या औषधांचे, गुरांच्या औषधांचे आणि पिकांवर फवारावयाच्या औषधांचे. कोंबडीसाठी म्हणून निराळे दुकान नसते. म्हणून तिचा इलाज या तिन्हींपैकी कोठून तरी उचलला जातो, आणि घोटाळ्याला तेथूनच सुरुवात होते.

औषधाकडे वळण्यापूर्वी रोग कोणता हे पाहिले पाहिजे. कोंबडीला छळणारे परजीवी दोन प्रकारचे असतात: काही पोटात राहणारे, तर काही अंगावर किंवा खुराड्यात राहणारे. पोटातल्यांत गोल जंत सर्वांत अधिक आढळतात. त्यांची अंडी विष्ठेबरोबर बाहेर पडतात, ओलसर व उबदार जागी सुमारे दोन आठवड्यांत रोग पसरविण्याजोगी होतात आणि मातीत महिनोन्‌महिने टिकतात. पट्टकृमी मुंग्या व भुंगेरे खाल्ल्याने कोंबडीच्या पोटात शिरतात. पिलांना होणारी रक्ती हगवण ही तर जंतांची बाधाच नव्हे; ती नुसत्या डोळ्यांनी न दिसणाऱ्या एकपेशीय जीवांमुळे होते. पायपेराझिनसारखे औषध गोल जंतांवर चालते, पण पट्टकृमींवर किंवा रक्ती हगवणीवर त्याचा उपयोग होत नाही. यावरून वाचकांच्या ध्यानी येईल की, ‘जंतांचे औषध’ एवढेच नाव सांगून घेतलेली बाटली पुष्कळदा वाया जाते.

अंगावरच्या परजीवींपैकी उवा या कोंबडीच्या अंगावरच जन्म काढतात. गोचीड आणि लाल माइट यांची रीत निराळी आहे. ही दोन्ही दिवसा खुराड्याच्या भिंतींच्या भेगांत, बांबूच्या सांध्यांत दडून बसतात आणि रात्री बाहेर येऊन रक्त पितात. कोंबड्यांची गोचीड तर कित्येक महिने उपाशी राहूनही जगू शकते. म्हणजे भर दिवसा कोंबडी धरून तिच्या अंगाला काहीबाही चोळणे, हे चोर भिंतीत दडला असता घरधन्यालाच झोडपण्यासारखे आहे.

आता पहिल्या दुकानाकडे वळू. माणसांसाठी असलेली अल्बेंडाझोलची गोळी खेडोपाडी सर्वांच्या परिचयाची आहे. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी ती शाळांतून व अंगणवाड्यांतून मुलांना दिली जाते. उरलेली गोळी फोडून कोंबड्यांच्या पाण्यात टाकण्याचा मोह सहज होतो. परंतु ही गोळी ४०० मिलिग्रॅमची आणि मनुष्याच्या शरीरमानाने ठरविलेली; दीड किलोच्या कोंबडीला त्यातले किती मिळाले हे पाण्यात टाकल्यावर कोण मोजणार? धीट कोंबडी जास्त पिते, आजारी कोंबडी तोंडही लावीत नाही. शिवाय हे औषध गर्भाला अपायकारक ठरू शकते, म्हणून गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत स्त्रियांना ते देत नाहीत. अंड्यात उतरणारा अंश अल्प असला, तरी घरातले अंडे मुद्दाम राखून ठेवले जाते ते गरोदर स्त्रीसाठीच, हे विसरून चालणार नाही.

अँटिबायोटिकच्या कॅप्सुलींचा प्रश्न याहून गंभीर आहे. जंतांवर त्यांचा काहीच परिणाम होत नाही. उलट थोड्याथोड्या मात्रेने सूक्ष्म जंतूंना त्या औषधाची सवय मात्र होते. कोलिस्टिन हे औषध डॉक्टर अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवतात. अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत व कोंबड्यांत त्याचा वापर भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये बंद केला, तो याच भीतीने. खुराड्यात निकामी झालेले औषध पुढे मुलाच्या उशाशीही निकामी ठरते.

दुसरे दुकान गुरांच्या औषधांचे. येथली औषधे परवान्याची असतात. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० हा मनुष्याप्रमाणेच पशूंच्या औषधांनाही लागू आहे. अशा औषधाच्या वेष्टनावर पाळीव जनावराच्या मस्तकाचे चिन्ह आणि ‘मनुष्याच्या वापरासाठी नव्हे, केवळ जनावरांच्या उपचारासाठी’ या अर्थाचे शब्द इंग्रजीत छापलेले असलेच पाहिजेत. परंतु ‘जनावर’ या एका शब्दात सर्व प्राणी सामावत नाहीत. गाईचे औषध कोंबडीला मानवेलच असे नाही, आणि मानले तरी त्याची मात्रा व अंडी वर्ज्य करण्याचे दिवस त्या वेष्टनावर सापडत नाहीत.

आयव्हरमेक्टिनचेच उदाहरण घ्या. या औषधाने जगभर लक्षावधी माणसांचे व जनावरांचे कल्याण केले. त्याच्या शोधाबद्दल सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. गुरांसाठी मिळणाऱ्या त्याच्या नेहमीच्या इंजेक्शनाचे प्रमाण ५० किलो वजनास १ मिलिलिटर असे असते. त्या हिशेबाने दीड किलोच्या कोंबडीच्या वाट्याला मिलिलिटरचा तेहतिसावा हिस्सा येतो, म्हणजे एका थेंबाहूनही कमी! एवढी मात्रा घरी कोणत्या साधनाने मोजावयाची? शिवाय हे औषध चरबीत मुरणारे आहे, आणि अंड्याचा पिवळा बलक चरबीने समृद्ध असतो. कोंबडीच्या पोटात एकाच वेळी लहानमोठे अनेक बलक वाढत असतात. अंडे घालण्यापूर्वीच्या सुमारे दहा दिवसांत प्रत्येक बलक झपाट्याने भरतो. आज टोचलेले औषध त्या सर्वांत थोडेथोडे उतरते. ‘उद्याचे एक अंडे टाकले म्हणजे झाले’ ही समजूत म्हणूनच खोटी आहे. उकडल्याने वा तळल्याने सर्वच औषधे नष्ट होतात, हीही तशीच भाबडी समजूत होय.

तिसरे दुकान पिकांच्या औषधांचे, आणि धोका सर्वांत मोठा तेथेच आहे. सोयाबीनवर फवारून उरलेले कीटकनाशक पाण्यात मिसळून कोंबडीच्या पिसांत किंवा खुराड्यात ओतले जाते. अशी औषधे कीटकनाशके कायदा, १९६८ खाली नोंदविलेली असतात, आणि कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी, किती प्रमाणात ती वापरावयाची हे नोंदणीतच ठरलेले असते. डब्यावर चौकटीच्या खालच्या अर्ध्या भागात रंगीत त्रिकोण असतो: लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा. लाल म्हणजे सर्वांत जहाल. परंतु हिरवा त्रिकोण म्हणजे ‘कोंबडीला चालेल’ अशी परवानगी नव्हे. पिकाच्या औषधाला कोंबडीची मात्रा ठरलेली नाही आणि अंड्याचे वर्ज्य दिवसही ठरलेले नाहीत. म्हणून किती दिवस थांबावे हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. ते वापरूच नये.

हे केवळ अडाणी खेड्यांत घडते असे कोणी समजू नये. २०१७ च्या उन्हाळ्यात हॉलंड व बेल्जियम या प्रगत देशांत काय झाले ते पाहण्याजोगे आहे. तेथील मोठमोठ्या खुराड्यांत लाल माइटचा उपद्रव वाढला होता. निलगिरी व पुदिन्यासारख्या वनस्पतींच्या अर्काचे म्हणून विकले जाणारे एक द्रव्य खुराडी स्वच्छ करण्यासाठी वापरण्यात आले. त्यात फिप्रोनिल हे कीटकनाशक गुपचूप मिसळलेले निघाले. अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांवर त्या देशांत या औषधास सक्त मनाई आहे. अंड्यांत त्याचा अंश सापडला, लक्षावधी अंडी नष्ट करावी लागली, कोंबड्यांची कत्तल झाली आणि चाळीसहून अधिक देशांपर्यंत या प्रकरणाची झळ पोहोचली. ज्या शेतकऱ्यांनी ते द्रव्य वापरू दिले, त्यांतील पुष्कळांना त्यात काय आहे याचा पत्ताही नव्हता. ‘वनस्पतीचे आहे, काही होत नाही’ असे सांगून आठवड्याच्या बाजारात विनानावाची पूड वा बाटली विकणाऱ्याकडून माल घेताना आपण हे ध्यानी ठेवावे. ज्या बाटलीवर बनविणाऱ्याचे नाव, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदतीची तारीख नाही, तिच्यात काय आहे हे विकणाराही शपथेवर सांगू शकणार नाही.

आता नियमाचा गाभा पाहू. २०१२ साली औषधविषयक नियमांत एक महत्त्वाची भर पडली. अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांच्या औषधाच्या वेष्टनावर, औषध दिल्यानंतर दूध, अंडी वा मांस किती दिवस वर्ज्य करावे, ती मुदत छापणे आवश्यक झाले. जेथे अशी मुदत तपासून ठरविलेली नाही, तेथे ती अंड्यांसाठी व दुधासाठी ७ दिवसांहून आणि मांसासाठी २८ दिवसांहून कमी धरता येत नाही. वेष्टनावर याहून मोठी मुदत दिली असेल, तर तीच पाळावयाची. आणि जे औषध मुळात कोंबडीसाठी नाही, ते पशुवैद्याने स्वतःच्या जबाबदारीवर सुचविले, तर किती दिवस थांबावयाचे हेही त्याच्याकडूनच लिहून घ्यावे. हा हिशेब सणाच्या भाषेत मांडला म्हणजे घरातील प्रत्येकाच्या लक्षात राहील: २८ दिवसांची मुदत असलेले औषध २७ नोव्हेंबरनंतर दिले असेल, तर ती कोंबडी नाताळच्या दिवशी कापता येत नाही.

येथे एक वाचक विचारील, ‘हा नियम माझ्या परसात येऊन पाहणार कोण?’ प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आम्ही आडपडदा न ठेवता देतो. कोणी येणार नाही. औषधांच्या कायद्याचा मुख्य रोख बनविणाऱ्यावर व विकणाऱ्यावर आहे. अन्न सुरक्षा कायदा, २००६ याच्या एकविसाव्या कलमात पशुवैद्यकीय औषधांचे व कीटकनाशकांचे अंश अन्नात ठरलेल्या मर्यादेपलीकडे असू नयेत असे स्पष्ट म्हटले आहे. परंतु त्याच कायद्याच्या अठराव्या कलमाने शेतकरी, त्याची शेती व त्याचे पशुधन यांना कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवले आहे. गरीब शेतकऱ्याच्या दारी दर आठवड्यास निरीक्षक उभा राहू नये, हा त्यामागील हेतू योग्यच होय. परंतु त्याचा अर्थ एवढाच की, कायद्याची हद्द आपल्या कुंपणापाशी संपते. कुंपणाच्या आत अंडे खाणाऱ्या लेकराचे रक्षण करणारा दुसरा कोणी नाही. ज्याने औषध दिले तोच त्याचा राखणदार.

केवळ बंदी घालून भागत नाही, याचा दाखला आपल्याच देशात आहे. गुरांना वेदनाशामक म्हणून देत असलेल्या डायक्लोफेनॅकमुळे मेलेली जनावरे खाऊन गिधाडे मरतात, असे २००४ साली सिद्ध झाले. २००६ साली हे औषध जनावरांसाठी बनविण्यास बंदी आली. तरीही माणसांसाठी मिळणाऱ्या मोठ्या बाटल्यांतून ते गुरांना टोचणे चालूच राहिले. अखेर २०१५ साली माणसांचे इंजेक्शनही फक्त ३ मिलिलिटरच्या एकेरी मात्रेत विकण्याचे बंधन घालावे लागले. एका दुकानाचे दार लावले की लोक दुसऱ्या दुकानाच्या दारातून आत शिरले, आणि त्याची किंमत बिचाऱ्या गिधाडांनी मोजली.

मग करावे काय? पहिली गोष्ट, औषधापूर्वी खुराड्याकडे पाहावे. आतील विष्ठा व ओला भुसा वरचेवर काढून टाकावा, भिंतींच्या भेगा लिंपून त्यांवर चुना द्यावा, किडलेले बांबू बदलावेत, उकळते पाणी सांध्यांत ओतावे आणि खुराडे कडक उन्हात सुकवावे. कोरडी माती व राख यांचा एक खड्डा परसात ठेवावा. कोंबड्या त्यात लोळून आपले अंग आपणच साफ करतात. पिले मोठ्या कोंबड्यांपासून वेगळी व कोरड्या जागी ठेवावीत. दाणापाण्याची भांडी जमिनीपासून थोडी उंच टांगावीत, म्हणजे त्यांत विष्ठा पडत नाही. या सर्वांस पैसा लागत नाही, आणि परवानाही लागत नाही.

दुसरी गोष्ट, औषध द्यावयाचेच झाले तर ताजी विष्ठा एका स्वच्छ डबीत घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात जावे. तेथे सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी दिसतात आणि औषध नेमके देता येते. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ अन्वये पशूंवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यास आहे. त्याच्या देखरेखीखाली सहायकांना किरकोळ सेवा करता येते. इंदूरच्या लोकांना तर महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५५ पासून हाकेच्या अंतरावर आहे. मध्य प्रदेशात व महाराष्ट्रात १९६२ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागता येते. ‘कोंबडीसाठी का डॉक्टर बोलवायचा?’ असे म्हणून हसणाऱ्याने एवढे पाहावे की, दहा घरांनी मिळून एकदा विचारलेला सल्ला दहा घरांस पुरतो.

तिसरी गोष्ट, औषध विकत घेताना पावती घ्यावी आणि वेष्टन टाकून देऊ नये. घेतलेल्या औषधाविषयी शंका आली, तर ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडून त्याची तपासणी करून घेण्याचा हक्क १९४० च्या कायद्याच्या सव्विसाव्या कलमाने प्रत्येक ग्राहकास दिला आहे. चौथी गोष्ट, भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर औषध दिल्याचा दिवस लिहावा आणि अंडी पुन्हा खाण्याच्या दिवसाभोवती वर्तुळ काढावे. मधल्या काळातील अंडी विकू नयेत, शेजारणीला देऊ नयेत, कोंबड्यांनाही घालू नयेत. खड्डा करून पुरावीत. आठ दिवसांची अंडी पुरताना गरीब घरातील गृहिणीचा हात थबकणार, हे आम्ही जाणतो. परंतु जे अंडे आपण आपल्या मुलाला देणार नाही, ते बाजारात दुसऱ्याच्या मुलासाठी ठेवणे हे कोणत्या मापात बसते, याचा विचार तिनेच करावा.

आणखी एक सूचना. एकाएकी अनेक कोंबड्या मरू लागल्या, तर जंतांच्या औषधात वेळ दवडू नये. २०२० च्या डिसेंबरअखेरीस इंदुरात कावळे मरून पडू लागले, तेव्हा तपासणीत बर्ड फ्लूचा विषाणू निघाला. पुढच्याच महिन्यात तो रोग झाबुआ जिल्ह्यातील कडकनाथांत आढळला. अशा मरतुकीची वर्दी ताबडतोब पशुवैद्यकीय दवाखान्यास देणे हे मालकाचे कर्तव्य होय. मेलेली कोंबडी कापू नये, विकू नये, उघड्यावर फेकू नये.

परसातील कोंबडी हे गरिबाचे लहानसे भांडार आहे. त्यातून निघणारे अंडे निर्धास्तपणे लेकराच्या हाती देता यावे, यातच त्या भांडाराची खरी किंमत. त्यासाठी फार विद्या लागत नाही. औषध कोणासाठी बनविले ते वाचावे, परवाना क्रमांक पाहावा आणि दिवस मोजावेत. घरात वाचता येणारा शाळकरी मुलगा वा मुलगी असेल, तर हे काम तिच्याकडे सोपवावे. पुढच्या वेळी कोंबडीसाठी बाटली घरात येईल, तेव्हा ती फडताळात ठेवण्यापूर्वी तिच्यावरील सर्व अक्षरे त्या मुलीकडून मोठ्याने वाचून घ्यावीत, एवढीच आमची विनंती आहे.